निळ्या दारानं आत या

डोळ्यांच्या त्या मोठ्या इस्पितळाच्या वेबसाइटवर रुग्णांसाठी सूचनांची पानं जो माणूस लिहितो, त्याला कचेरीत सगळे सोपेराव म्हणतात. नाव त्यांना आवडतं. अवघड वाक्य दिसलं की सोपेरावांचं डोकं उठतं. 'येताना दूध आणा' असं बायकोनं कळवलं, तर ते 'किती? कुठलं?' विचारतात आणि वर 'सूचना अपुरी आहे' असंही ऐकवतात. बायको आता स्वतःच दूध आणते.

त्यांची पानं चांगली असतात, हे मान्य केलं पाहिजे. मोठी अक्षरं, लहान वाक्यं, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी वाचून दाखवणारं बटण. तपासणीला कसं यावं हे सांगणारं पान तर त्यांचं लाडकं. त्याची सुरुवात अशी : 'निळ्या दारानं आत या. डावीकडे वळा.' या दोन वाक्यांवर पाच विभागप्रमुखांच्या सह्या आहेत. प्रत्येकानं आपली माणसं पाठवून रस्ता चालून पाहिला होता. कोणीही चुकलं नाही. त्याबद्दल सोपेरावांना मानचिन्ह मिळालं. ते टेबलावर असं ठेवलंय, की येणाऱ्याला आधी तेच दिसावं.

निळ्या दाराशी मात्र रोज सकाळी घोळका असायचा. सोपेराव गळ्यातलं कार्ड दाराला दाखवत, आत शिरत, मागे दार बंद होई. शिरताना मोबाइलवरची नजर न उचलता ते सांगत, "इथं उभं राहू नका. सगळं वेबसाइटवर दिलंय."

एके दिवशी त्या घोळक्यात त्यांची थोरली बहीण होती. ताई शिवणकाम करते. अलीकडे सुईत दोरा ओवायला तिला गिऱ्हाइकालाच सांगावं लागे, आणि अशा बाईकडे कापड टाकायला गिऱ्हाइकं कचरू लागली होती. फार वाट पाहून तपासणीची तारीख मिळाली होती. "मी कशाला बरोबर हवा? पान ऐकलंस की झालं," असं भावानं तिला सांगितलं होतं.

"बाळ्या, अरे मी आहे!" ताई ओरडली. तोवर दार लागलं.

तिनं दारावर इतक्या थापा मारल्या, की सोपेरावांना परत यावं लागलं.

"ताई, तू इथं काय करतेस? हे कर्मचाऱ्यांचं दार आहे."

"निळं आहे ना?"

"हो, पण कार्डाशिवाय उघडत नाही."

"ते सांगितलंयस कुठं पानात? हे काका तिसऱ्यांदा आलेत बिचारे."

रस्ता चालून पाहणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात कार्ड होतं, हे सोपेरावांच्या ध्यानात तेव्हा आलं. कार्ड नसलेल्याला त्या दारानं आत घ्यायची मुभा त्यांनाही नव्हती. इमारतीला वळसा घालून समोरच्या पांढऱ्या दारानं ताईला नेईपर्यंत तिचा नंबर गेला. "वेळेआधी या, असं पानावर स्पष्ट लिहिलंय," खिडकीतली बाई म्हणाली. पुढची तारीख दोन महिन्यांनंतरची.

बैठक भरली. वाक्य बदलायचं तर पुन्हा पाच सह्या. शिवाय मानचिन्ह त्याच वाक्यांना मिळालेलं; ती बदलली तर लोक काय म्हणतील, ही काळजी सोपेरावांनीच बोलून दाखवली. दाराच्या रंगाला मात्र एकच सही पुरते. आठवड्याच्या आत मागचं दार पांढरं झालं आणि समोरचं निळं. पानाला हात लावावा लागला नाही. सोपेरावांनी फोन केला, "ताई, आता डोळे मिटून ये."

"तशीच येते रे. उघडे ठेवून तरी दिसतंय कुठं?"

नव्या तारखेला सोपेराव मानचिन्ह पुसत बसले होते. त्यांच्या खोलीचं दार ढकलून ताई आत आली.

"ताई? इथं कशी?"

"निळ्या दारानं आत आले. डावीकडे वळले." तिनं चाचपून खुर्ची ओढली. "तपास आता डोळे."

तिच्या मागून आणखी चौघं आत आली. त्यांत ते काकाही होते. त्यांनी अदबीनं विचारलं, "डॉक्टर, चष्मा काढून ठेवू का?"

"ऊठ," ताई म्हणाली. "या खेपेला तासभर आधी आलेय. हात धर आणि पोचव."

मागच्या दारानं येताना जे डावीकडे, ते समोरून येताना उजवीकडे पडतं, हे आता सोपेरावांच्या ध्यानात आलं. ते उठले. ताईची तपासणी झाली. पान अजून तसंच आहे, त्यामुळे सोपेरावांना आता रोज सकाळी चार-सहा जणांना पोचवून यावं लागतं. टेबलावरचं मानचिन्ह त्यांतल्या कुणाला फारसं दिसत नाही.