सतरा प्रश्न आणि एक हर्निया

आता माझ्या शहाणपणाचं काय सांगावं! ऐका, पण आमच्या ऑफिसात बोलू नका.

मला झाला हर्निया. घराजवळचे, गारखेड्यातले डॉक्टर दोन मिनिटांत म्हणाले, "ऑपरेशन करावं लागेल." झालं! त्या दिवसापासून झोप नाय, जेवण नाय, घरात नुसत्या येरझाऱ्या. पुण्याहून लेकीचा फोन आला, "बाबा, आता पेशंट म्हणजे गिऱ्हाईक. दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. अनुभव विचारा, सगळं विचारा. लाजू नका!"

मी काय लाजतोय? सरकारी कचेरीत आयुष्यभर टेंडरं तपासलेला माणूस! सतरा प्रश्न लिहिले, फाईल केली, आन बायकोला घेऊन दुसरं हॉस्पिटल गाठलं.

तिथं ही गर्दी! मी उठतोय, बसतोय, पाणी पितोय, परत उठतोय. निर्मला म्हणाली, "आवो, एका जागी बसा ना! लोकांना चक्कर यायलीय." शेवटी काउंटरवरची बाईच वैतागली. "काका, तुम्ही आत जाऊन बसा. डॉक्टर येतायत."

आत टेबलाशी टाय लावलेला एक तरणा माणूस. मला बघून ताडकन उभा! म्हटलं, वा, याला म्हणतात गिऱ्हाईकाचा मान.

"बसा, बसा." मी फाईल उघडली. "हे काम किती दिवसांपासून करता?"

"दोन महिने झाले, सर."

"दोनच? आन त्याआधी?"

"साड्यांच्या दुकानात होतो, सर."

मी फाईलीत 'साड्या' लिहून खाली दोन रेघा मारल्या.

"फेल किती जातं?"

"खोटं कशाला बोलू, सर? गेल्या महिन्यात निम्मंच जमलं."

"निम्मं! मग पुढं काय होतं?"

त्यानं घाम पुसला. "वरचे लोक लई कडक, सर. माझ्या आधीच्याला हर्सूलला टाकलं."

आता सांगा, हर्सूल म्हटल्यावर आपल्या गावच्या माणसाला काय आठवणार? तलाव? जेल हो, जेल!

तो हात जोडून म्हणाला, "सर, आज तुमच्यापासूनच सुरुवात करू द्या."

माझ्यापासून? मी धूम बाहेर! "निर्मला, चल! लोकहो, उठा! आधीचा डॉक्टर जेलात हाय, आन हा परवापर्यंत साड्या विकत व्हता!"

अर्धी बाकडी रिकामी. एक आजी तर गुडघे विसरून रिक्षापर्यंत पोचल्या.

तेवढ्यात हिरवी टोपी घातलेल्या एक बाई जिना उतरून आल्या. "काय गोंधळ आहे? डॉक्टर मी आहे."

मागून टायवाला, बॅग छातीशी धरून. "मॅडम, मी औषध कंपनीचा. हे सर तुमचे खरेदीवाले नाहीत का? मला वाटलं, ऑर्डर देतायत! निम्मं जमलं ते विक्रीचं टार्गेट हो! आन जेल कसलं? आधीच्याला हर्सूलकडची दुकानं दिली फिरायला."

निर्मलानं पदर तोंडावर घेतला. मी कुठं तोंड लपवावं?

मॅडमनी मला आत नेलं. पोट तपासलं, कागदावर चित्र काढून सगळं नीट समजावलं. मग म्हणाल्या, "दुसरं मत घ्यायला आलात, चांगलं केलंत. आता विचारा काय विचारायचं ते. मी कुठं जात नाही."

फाईल मांडीवर उघडी होती. मी ती हळूच मिटली. तोंडातून निघालं ते एवढंच, "मॅडम, लई दुखंल का हो?"

"तुम्हाला नाही, भूल देणार आहोत." मॅडमनी दारातून त्या रिकाम्या बाकड्यांकडं बघितलं आन कपाळ चोळलं. "माझं डोकं मात्र आत्तापासूनच दुखायला लागलंय."