मुन्नीच्या त्रासाचा फॉर्म

मी संगिता, डोंगरकड्याची आशा वर्कर. लोकांना वाटतं आशाला काय काम, हिंडायचं अन् सह्या घ्यायच्या. या म्हणावं एक दिवस माझ्यासंग! मला राग लवकर येतो, हे गावाला ठाऊक आहे. पण महेजबीनभाभीचा राग येईल असं कधी वाटलं नव्हतं. आख्ख्या गल्लीत तिच्याएवढी सरळ बाई न्हाई.

तिची मुन्नी चार वर्षांची. दोन वर्षांमागं हळद शिजवायच्या कढईत लेकराचा उजवा हात गेला. जीव वाचला, पण बोटं तळव्याला चिकटून बसली. मोठ्या दवाखान्यात ती ऑपरेशन करून मोकळी करणार होते. त्याआधी एक फॉर्म भरायचा होता. भाजलेलं लेकरू रोजचं कसं जगून राहिलं, त्याचे वीस प्रश्न. लेकरू लहान, म्हणून उत्तरं आईनं द्यायची. ज्याला त्रास जास्त, त्याचा नंबर आधी.

मी विचारत गेले. कपडे घालताना त्रास होतो का? भाभी म्हणली, कधीच न्हाई. जेवताना? न्हाई. विस्तवाला भिते का? न्हाई. लोक टक लावून बघतात म्हणून रडते का? न्हाई म्हणजे न्हाई. विसाव्या प्रश्नापर्यंत लेकरू ठणठणीत झालं. असल्या फॉर्मावर नंबर लागायला पोरीचं लग्न उजाडलं असतं. माझं डोकंच फिरलं. म्हणलं, भाभी, खोटं काहून सांगता? कुणाची लाज वाटून राहिली?

ती चिडली न्हाई. उठली अन् मला घर दाखवलं. मुन्नीच्या एकाही फ्रॉकला गुंडी न्हाई, सगळे डोक्यातून घालायचे, तेही भाभीच घालते. घासही भाभीच भरवते. पोरीला जाळ दिसू नये म्हणून चूल मागं तट्ट्याआड नेलेली. अन् दोन वर्षांत मुन्नीला कुठं लग्नाकार्याला नेलंच न्हाई, मग बघणार कोण?

"मी तिला तकलीफ होऊच देत न्हाई, संगिताताई," ती म्हणली. "मग लिहायला तकलीफ कुठून सांगू?"

बाई बराबर बोलून राहिली होती. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, ही म्हण जिभेवर आली, ती तशीच गिळली. पण मी लिहू काय? फॉर्म लेकराचा होता, आईचा न्हाई. भाभीचं लिहिलं तर पोरीचा हात तसाच राहणार. माझ्या मनानं लिहिलं तर ते खोटं. 

शेवटी म्हणलं, मुन्नीला बिस्किटाचा पुडा द्या अन् तुमी हात लावू नका. जे होईल ते मी लिहिते. भाभीनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

मुन्नीनं पुडा घेतला अन् सवयीनं आईपुढं धरला. आई हलली न्हाई. पोरीनं परत धरला. मग डाव्या हातानं ओढला, दातानं ओढला, गुडघ्यात दाबला. पुडा सटकूनच राहिला. भाभीच्या डोळ्यांतून पाणी चाललेलं, पण तिनं हात न्हाई काढले. माझ्याच्यानं बघवेना. बस करा म्हणणार, तेवढ्यात मुन्नीनं पुडा खाली ठेवला. रडली न्हाई. आईजवळ सरकली अन् हळूच विचारलं, "अम्मी, मैं क्या करी?"

आपलं काहीतरी चुकलं म्हणून अम्मी रुसली, असं वाटलं तिला.

भाभीनं तिला पोटाशी धरलं. मी जेवणाच्या प्रश्नापुढं 'नेहमी' वर खूण केली, कपड्यांच्याही. फॉर्मावर खाली येता येता एका प्रश्नावर पेन अडला. आपल्यावर आईवडील नाराज आहेत, असं लेकराला वाटतं का? मघाशी भाभीनं त्याला 'कधीच न्हाई' सांगितलं होतं. ते खरं होतं, मी येईपर्यंत.