डबीत अडकलेला ताल

आमच्या आबांच्या अंत्ययात्रेत खांदेकरी दोनदा पळाले. दोन्ही वेळा कारण मीच होतो.

आबा म्हणजे माझे आजोबा, फौजेतले सुभेदार. अंथरुणाला खिळल्यावर त्यांनी एवढंच मागितलं, "मला न्हेताना पावलं एकसारखी पडू द्यात. फरफटत न्हेऊ नगा रं." खांदा देणारे त्यांचे पेन्शनर सोबती होतेच. प्रश्न तालाचा होता. इस्लामपूरचा बँडवाला म्हणाला, "तारीख सांगा!" आता ही तारीख कुणी सांगावी? घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मी चाचरत म्हणालो, "मी कॉम्प्युटरवर वाजवू का?"

सांगलीचा माझा मित्र दिलीप याच्याकडं कॉम्प्युटर आणि कीबोर्ड होता, आणि दोघांना जोडून कॉम्प्युटरचे सूर कीबोर्डवर वाजवणारी मिडीची एक स्वस्तातली डबी. आबा घरी पेज पीत होते तेव्हा मी सांगलीत त्यांची अंत्ययात्रा बसवत होतो! आधी नुसता ढोल. मग वाटलं, आबांना ढोलावर कसं पाठवायचं? म्हणून बिगूल, बासरी, घंटा, व्हायोलिनचा ताफा...

"डबीला झेपंल का रं?" दिलीप म्हणाला.

"आबांसाठी आहे," मी म्हणालो. (डबीला हे कारण पटलं नाही.)

आबा गेले. टेम्पोत जनरेटर, कॉम्प्युटर, कीबोर्ड, डबी, भोंगा; भोंग्याची सैल वायर धरून टेम्पोमागं मी, माझ्यामागं तिरडी. खांदेकऱ्यांतल्या हवालदारकाकांनी हुकूम दिला, "धीरे चल!" ढोल वाजला. पावलं अशी एकसारखी पडली की मला रडू आलं. तेवढ्यात बिगूल, बासरी, व्हायोलिन सगळे आले आणि ढोल थांबला! डबीतून सूर एकामागं एकच बाहेर पडतात, एसटीच्या दारातून माणसं उतरावीत तसे. दारात गर्दी झाली आणि ढोल आत अडकला.

"कदमताल!" काका ओरडले. सगळे जागच्या जागी पाय आपटू लागले, आबांसकट.

मग डबी मोकळी झाली. अडकलेले सगळे ठोके एकदम सुटले. धडधडधडधड! शिस्तीची माणसं ती! तिरडी घेऊन पळाली!

"बंद कर त्ये!" माझे वडील ओरडले.

"दादा, पुढं बरोबर होईल..."

पुढं घंटाही आली. पुन्हा कदमताल, पुन्हा पळापळ. स्मशानात लाकडं अजून रचायची होती, पण आबा हजर झाले होते! धापा टाकत काका म्हणाले, "सुभेदारसायेब, माफी. टैमाच्या आदी आणलं."

अग्नी दिल्यावर मी दादांसमोर उभा राहिलो. "एवढी एकच इच्छा होती त्यांची. मी तीही..."

दादांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "गप. पळाली, पर एकसारखी पळाली. मी बगत हुतो, एका गड्याचं पाऊल चुकलं न्हाई."

मला जरा धीर आला. "खरंच?"

"एकाचंच चुकत हुतं," दादा म्हणाले, "टेम्पोमागं वायर धरून कोण पळत हुतं त्येचं."