गिरणेचं पाणी कुठवर आलं

लिहायचं धाडस करतोय, त्याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. घरचे माझ्याकडून लिहून घेतात ते अर्ज आणि लग्नपत्रिकांवरची नावं, एवढंच. पण यंदा पत्रिका वाटून झाल्यावर जे झालं, ते कुणाला तरी सांगावंसं वाटतं.

बहिणीचं लग्न चार दिवसांवर आलं आणि गावची विहीर आटली. आमचं गाव भडगावच्या खाली, गिरणेच्या काठी. नळाची विहीर नदीतच आहे आणि मे महिन्यात नदी म्हणजे नुसती वाळू. धरणातून पाणी सोडलंय एवढं कळलं होतं. ते कधी पोचेल हे कुणी सांगेना. व्याही म्हणत होते, आमच्याकडे मांडव घालू. वडील म्हणाले, "पानी उनं त मांडव आठे, नई त तठे." पाणी येतं की नाही, मांडव इथे की तिथे, हे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कळवायचं होतं. अंगणाचं सारवण बहिणीने अर्धंच ठेवलं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी माझा धुळ्याला पेपर होता. मी म्हटलं, आजच निघतो, नदीनदीने वर जातो, पाणी दिसलं की फोन करतो आणि तसाच धुळं गाठतो. वडिलांनी मला एकट्याला मोटारसायकल पहिल्यांदाच दिली. "पानी देखाले जाय, फिराले नको," म्हणाले.

खरं सांगतो, मी फिरायलाच निघाल्यासारखा खुश होतो. काठचा रस्ता संपला की गाडी सरळ नदीत घालायची. वाळू घट्ट असली की दुसरा गिअर, मऊ लागली की दोन्ही पाय सोडून रेटायचं. तोंडावर गरम वारा, आणि मी हेल्मेटच्या आत मोठ्याने गातोय. एकदा वाळू उपसलेल्या खड्ड्यात गाडीसकट उतरलो, तरी हसूच आलं. गावोगावी विचारलं, पाणी कुठवर आलं? उत्तर एकच: "वरल्या गावले उनं म्हनतस."

चार वाजता एका वळणावर ते दिसलं. मला लोंढा असेल असं वाटलं होतं. ते होतं चार बोटं उंच, गढूळ, कडेला फेस. काटक्या आणि बकरीच्या लेंड्या पुढे ढकलत सरकत होतं. त्याच्या पुढे मुंग्या पळत होत्या. मी गाडी उभी केली आणि पाण्याकडे तोंड करून उलटा चालत राहिलो. किती वेळ, कोण जाणे.

"भाऊ, गाडी धुवाले लाई का?"

एक म्हातारे नाना वाळूत बसून बिडी ओढत होते. पुढच्या चाकाला पाणी लागलं होतं. दोघांनी मिळून गाडी बाहेर ओढली. पाण्याचा वेग मोजायला नानांनी वाळूत ओळीने काड्या रोवल्या होत्या.

"एक बिडीमा तीन काड्या," ते म्हणाले. "पानी पायी येस, भाऊ. तुनामायक गाडीवर नई."

त्यांच्या हिशेबाने पाणी आमच्या गावी सकाळी पोचायला हवं होतं. "पन वाटमा वाळूना खड्डा शेतस. त्या पहिले पितीन."

मी वडिलांना फोन केला. पाण्याचं सांगितलं, आणि जरा थांबून, वाटेतले खड्डे आधी पाणी पितील, हेही सांगितलं. मग ते म्हणाले, "तू काय म्हनस?"

आजवर त्यांनी मला असं कधी विचारलं नव्हतं. मी काड्यांकडे पाहिलं. चौथी भिजत होती.

"थांबा," मी म्हटलं. "व्याह्यांना दुपारपर्यंत काही सांगू नका."

मग मेहुणबाऱ्यावरून धुळे. सकाळी पेपरात काय लिहिलं ते नीट आठवत नाही. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात मी पेन्सिलीने काड्या काढल्या होत्या आणि नंतर खोडल्या. फोन बाहेर बॅगेत होता. साडेबाराला तो सुरू केला तेव्हा बहिणीचा मेसेज आलेला होता, अकरा वाजताचा.

"पानी उनं. मांडव आठेच."