पट्ट्याच्या शेवटी अंधार

विमानतळावरच्या शस्त्रखोलीत तिला सगळे सुईमावशी म्हणत. लढाईआधी तिचा जन्म शिवणकामात गेला होता. आता तेच हात विमानांच्या बंदुकांसाठी गोळ्यांचे पट्टे भरत. ओळीतून एक गोळी नखभर पुढे आली तरी बंदूक अडकते, म्हणून भरलेल्या पट्ट्यावरून ती अंगठा फिरवी, उसवलेली शिवण चाचपावी तसा.

पट्ट्यात ठरावीक अंतराने ट्रेसर असायची, म्हणजे उडताना मागे उजेडाची रेघ सोडणारी गोळी. टोकाला लाल रंग असेल तर रेघ लाल, हिरवा असेल तर हिरवी. नेम कुठे लागतोय ते लाल रेघ दाखवी. पट्टा संपत आला की हिरव्या सुरू होत: आता हात आवर, उरलेलं परतीच्या वाटेसाठी ठेव.

तिच्या बहिणीचा एकुलता एक मुलगा एका बाँबफेकी विमानाच्या शेपटीत बंदुकीवर बसे. त्याची गोळ्यांची पेटी दर वेळी पार रिकामी यायची. याच्या बंदुकीला जुलाब झालेत, असं पोरं म्हणत. मावशी हसली नाही. लहानपणी लाल दोऱ्याचं रीळ मागितलं की हा हिरवं आणून देई आणि वेंधळा म्हणून टपली खाई, ते तिला आठवलं.

तिने दोन गोळ्या त्याच्यापुढे ठेवल्या आणि हिरवी उचलायला सांगितली. बराच वेळ पाहून त्याने लाल उचलली. डोळ्यांच्या तपासणीत त्याने पुढच्या गड्याची उत्तरं ऐकून पाठ केली होती.

"मावशी, कुणाला सांगू नकोस. मला खाली बसवतील."

"आणि परतताना कुणी मागे लागला, तर काय माझी कात्री फेकून मारणार त्याला?"

ती थेट तळाच्या प्रमुखाकडे गेली. त्याने कपाळाला हात लावला. नजरेत खोट असलेल्याला वर पाठवायचं कसं? मावशीने आठवण करून दिली, की लांबचं विमान सगळ्यांआधी यालाच दिसतं, हे प्रमुखच सांगत फिरतो.

"रंग कळत नसेल, पण उजेड-अंधार कळतो ना?" ती म्हणाली. "शेवटी हिरव्या घालतच नाही. साध्याच गोळ्या भरते. रेघ विझली की हात आवरायचा."

संध्याकाळी मैदानात मातीच्या ढिगाऱ्यासमोर बंदूक मांडून चाचणी झाली. रेघा विझल्या, तसा भाच्याचा हात थांबला. प्रमुखाने एक फेरी मंजूर केली. पेटी रिकामी आली तर पोरगा खाली.

दुसऱ्या दिवशी विमान उतरलं ते पंखाला भोकं घेऊन. भाचा आपल्या पायांनी चालत आला. मावशीने त्याला एकदा खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि शेपटीतल्या पेटीत हात घातला. अंगठ्याखाली गोळ्या लागल्या, ओळीत.

"परतताना एक मागे लागला होता," भाचा म्हणाला. "दोनदा झाडल्यावर वळला."

प्रमुखाने तो उरलेला तुकडा हातात तोलून पाहिला.

"याचे पट्टे यापुढे तुम्हीच भरा, मावशी."

तिने रिकामा पट्टा पुढ्यात ओढला होताच.