इब्रीच्या वारसाची सही

दिवसभर मी मस्कतच्या वादी कबीर भागातल्या एका वर्कशॉपात एसी दुरुस्त करतो. जोडधंदा मात्र मेलेल्या माणसांवर चालतो. रत्नागिरीतला माझा एक शाळासोबती जुनी घरं विकून देतो. विक्रीच्या सहीसाठी त्याला ओमानातले वारस मी शोधून द्यायचे. गावच्या ग्रुपवर कुणी गेल्याचा मेसेज आला की लोक जोडलेल्या हातांचं चित्र टाकून पुढे सरकतात, मी मात्र गेलेल्याचा मुलगा मस्कतकडे आहे का ते बघतो. निर्लज्ज काम आहे, मान्य. पण शुक्रवारी सुट्टीला एकटा बसलो की खोली खायला उठते, म्हणून धरलं.

माझा नियम ठरलेला. पहिल्या भेटीत नुसतं सांत्वन आणि गावची आमसुलं. घराचा विषय दुसऱ्या भेटीत.

ओमानातल्याच इब्री गावी दापोलीकडचे एक किराणा दुकानदार होते, साठीचे, एकटेच राहणारे. गावाकडे त्यांची आई गेली, घराला कुलूप लागलं. गावातल्या दोन्ही बहिणी विकायला तयार, अडलं होतं यांच्या सहीवर. मी तीन तास गाडी हाकत गेलो. नमाज आटोपून त्यांनी मला दुकानामागच्या खोलीत जेवू घातलं आणि आई मासळीवालीशी कशी भांडायची त्याची नक्कल केली. मी मोठ्याने हसलो. कितीतरी महिन्यांत असा हसलो नव्हतो.

दुसऱ्या भेटीत मी घराचा विषय काढला नाही. तिसऱ्या, चौथ्या भेटीतही नाही. शाळासोबती फोनवर खेकसायचा, मी थापा मारायचो.

सातव्या शुक्रवारी जेवण झाल्यावर त्यांनीच बहिणींनी धाडलेले कागद सही करून माझ्यापुढे ठेवले.

"घ्या भाई. बहिणी आता थांबायला तयार नाहीत."

मी ओशाळलो. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्याच दिवशी. इतक्या लांबून आमसुलं द्यायला कोण येतो? सही तेव्हाच करणार होतो. पण मग तुम्ही परत आला नसतात."

मी कागद उचलले. "चला, खलास," म्हणत ते गाडीपर्यंत सोडायला आले.

पुढच्या शुक्रवारी दुपारी न राहवून मी फोन लावला.

"काय भाई, कागदांत काही राहिलं का?" त्यांनी घाईघाईने विचारलं.

"नाही, सगळं बरोबर आहे."

"बरं बरं."

काम नाही, तरी येऊ का, एवढंच विचारायचं होतं. जीभ रेटेना. पण बराच वेळ दोघांनीही फोन ठेवला नाही.