किरुनाचं चर्च आणि पाळीची झर

स्वीडनहून आल्यापासून डिचोलीच्या बाजारात कुणी ना कुणी अडवतं. "काय काय बघितलंस? आम्ही गेलो तर काय बघावं?" मी सांगतो. स्टॉकहोमचं जुनं शहर बघा. तिथली एक गल्ली एवढी अरुंद की समोरून कुणी आलं तर अंग चोरून भिंतीला चिकटावं लागतं. स्कान्सेनची टेकडी बघा. देशभरातली जुनी लाकडी घरं उचलून तिथे मांडली आहेत. उत्तरेला आबिस्कोला जा. आम्ही सप्टेंबरात गेलो, तेव्हा सगळा डोंगर पिवळाधमक झाला होता आणि तळ्याचं पाणी इतकं थंड की बोट बुडवलं तर चावतं. किरुनाचं नाव मी शेवटी घेतो आणि घाईने विषय बदलतो.

माझी मुलगी तिकडे नोकरीला आहे. मी निवृत्त झालो तेव्हा तिने बोलावून घेतलं. "बाबा, जन्म खाणीत काढलात. इथली खाण दाखवते तुम्हांला," म्हणाली.

खरं तर मी खाणीत नव्हतो, खाणीच्या कचेरीत होतो. मूळचा कोरगावचा. नोकरी लागली तेव्हा खाणीजवळच्या पाळी गावात आत्याकडे राहायला आलो आणि लग्न होईपर्यंत तिच्याच हातचं जेवलो. आत्याचे यजमान लवकर गेले होते. घरामागचं कुळागर तिने एकटीने सांभाळलं: पोफळी, माड, केळी, मिरवेली. सगळं डोंगरातून येणाऱ्या एका झरीच्या पाण्यावर. त्यावरच तिने मुलीला शिकवलं, लग्न करून दिलं.

कचेरीत माझ्याकडे गावकऱ्यांशी बोलायचं काम होतं. पुढे खाण खोल न्यायची ठरली आणि आजूबाजूच्या घरांच्या सह्या हव्या झाल्या, आमची हरकत नाही म्हणून. त्याच आठवड्यात साहेबांच्या टेबलावर मी नकाशा पाहिला. जमिनीखालचं पाणी निळ्या रेघेने दाखवलं होतं आणि ती रेघ खणायच्या जागेतून सरळ जात होती.

"साहेब, ह्या घरांचं पाणी?" मी विचारलं.

"कमी होईल थोडं. तुम्ही तो विषय काढू नका."

मी काढला नाही. सहीचा कागद घेऊन गेलो तेव्हा आत्या सुपारी सोलत बसली होती. तिने कागद लांब धरून पाहिला आणि माझ्याकडे परत दिला. "माका दिसना नाय. काय लिवलला आसा, तूच सांग."

"काय नाय गे. खाण जरा वाढवतले. तुझ्या पाण्याक काय जावचा नाय."

तिने सही केली. शेजारच्या चार घरांनीही केली, आत्याने केली म्हणून.

तिसऱ्या उन्हाळ्यात झर आटली, ती परत आलीच नाही. पोफळी शेंड्यापासून वाळत गेल्या. टँकरच्या पाण्यावर कुळागर जगत नाही. आत्या घराला कुलूप लावून डिचोलीला मुलीकडे राहायला गेली. पुढे खाणही बंद पडली. लोक तिच्याजवळ मला नावं ठेवत, तेव्हा ती भांडायची. "माझ्या भाच्याक पण फसवल्यानी. तेका काय म्हायत?" मी समोर असलो तर मान खाली घालून ऐकायचो. हळूहळू तिच्याकडे जाणं मी चतुर्थीपुरतंच ठेवलं.

स्टॉकहोमला वासा जहाज बघायला गेलो, तेव्हा हे सगळं मनात कुठे नव्हतं. अंधाऱ्या दालनात ते भलंमोठं लाकडी जहाज उभं होतं. तीनशेच्या वर वर्षं समुद्रतळाशी पडून होतं, मग वर काढलं. गाइड सांगत होता आणि मुलगी मला समजावत होती. जहाज निघण्यापूर्वी त्याची चाचणी घेतली होती. तीस माणसं या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवली, तर जहाज असं डोललं की चाचणीच थांबवावी लागली. तरी राजाला कुणी सांगितलं नाही. पहिल्याच दिवशी, बंदरातच ते बुडालं. मुलगी म्हणाली, "कमाल आहे ना? माहीत असून गप्प बसले." मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर जाऊन बसलो.

मग किरुना. खाणीमुळे तिथली जमीन खचते आहे, म्हणून गावच पलीकडे हलवत आहेत. एवढं लाल लाकडी चर्च, ते अख्खं चाकांच्या गाड्यांवर चढवून नव्या जागी नेलेलं. आम्ही ते बाहेरून पाहिलं. बाकावर एक म्हातारी बसली होती. तिचंही घर गेलं होतं. मुलीने तिच्याशी बोलणं काढलं.

"विचार तिला," मी म्हणालो, "आधी सांगितलं होतं का?"

"हो," म्हातारी म्हणाली. "कित्येक वर्षं आधी. नकाशा मांडून. मी खूप रडले, भांडलेही. नवं घर चांगलं आहे, पण माझं नाही."

मुलगी पुढे काय काय विचारत राहिली. मला काही ऐकू आलं नाही.

गोव्यात आलो आणि दुसऱ्याच दिवशी आत्याकडे गेलो. तिने फोनमधले सगळे फोटो बारकाईने पाहिले. चर्चचा फोटो पाहून हसली. "एवढा देऊळ चाकांवर? खोटा सांगतंस!" मग मी ते सांगितलं. नकाशा, निळी रेघ, साहेब, सगळं. "आत्ये, माका म्हायत होता."

मला वाटलं होतं, ती रागावेल, रडेल आणि मग माझ्या डोक्यावर हात ठेवेल. तिने फोन माझ्या हातात दिला.

"इतकी वर्सां लोकांशी मी भांडलंय तुझ्यासाठी," ती म्हणाली. "आता कित्या सांगलंस? तुका हलका वाटाक?"

तेव्हा कळलं की तिच्याकडे उरलेली एक गोष्टही मी आज काढून घेतली होती. आपला भाचा खोटं बोलला नाही, ही.

निघताना तिने दारातून हाक मारली. "माका सांगून काय उपेग? मी म्हातारी. ती खाण परत सुरू करूक बघतत. त्या चार घरांनी माझ्या सहीवर सही केल्यानी. तेंका सांग."

मी पाळीला गेलो. पहिल्या घरात चहा दिला आणि ऐकल्यावर कप तसाच उचलून नेला. दुसऱ्या घरातल्या माणसाने अंगणातूनच शिव्या घालून हाकललं. तिसरं घर बंद होतं. चौथ्या घरातली सून शिक्षिका आहे. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि कागद पुढे केला. "काका, हेच लिहून द्या. ग्रामसभेत वाचेन." मी लिहून दिलं, खाली सही केली. ग्रामसभेत ते वाचलं गेलं तेव्हा मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. माझ्या शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या राहिल्या.

खाणीचं काय होईल, माहीत नाही. आत्याकडे मी आता दर रविवारी जातो. ती जेवायला वाढते, तब्येत विचारते. स्वीडनबद्दल मात्र पुन्हा कधी विचारलं नाही.